एका झाडाची कवठं अन् दोघींची शिक्षा

आधीच सांगून ठेवते, मी चोर नाही. माझं नाव प्रयागबाई, माहेर भिवापूरचं, वय त्रेसष्ट, अन् आजवर कोणाच्या माठातलं पाणीसुद्धा मी न विचारता प्याली नाही. कवठाची गोष्ट वेगळी आहे. कोर्टाले ती वेगळी वाटली नाही, त्याले मी काय करू? बरं, कोर्टानं दोषी म्हटलं, तेही ऐकून घेतलं. पण झाड एक, दुपार एक, कलम एक, जज मॅडम एक, अन् शिक्षा दोघींले दोन? मले सात दिवस समाजसेवा, अन् माझ्या विहिणीले नुसती समज देऊन सोडून दिलं. माझं डोस्कं सरकलं ते इथं.

पहिल्यापासून सांगते, नाहीतं तुमीही मलेच नावं ठेवसान.

आमी प्रताप नगरात राहतो. मी, आमचे हे शालिकराम, पोरगा साहिल अन् सून मोनाली. पोट्टी गुणाची आहे, खोटं काहून बोलू. लग्नाले दोन वर्षं झाली अन् तिले दिवस गेले. चौथा महिना लागला अन् डोहाळे सुरू झाले. लोकांच्या सुनांले पाणीपुरी लागते, चिंच लागते. हिले लागलं कवठ. कवठाची चटणी पाहिजे, गूळ घातलेली, वरून भिवापुरी तिखट. आमच्याकडे म्हणतात का डोहाळे पुरवले नाही तं लेकराचे कान वाहतात. डॉक्टरीणबाई हसली या गोष्टीले. हसू दे. कान काही तिच्या नातवाचे नव्हते.

आता माझी विहीण. नाव प्रेमलता. दोन गल्ल्या सोडून राहते, ब्लाउज शिवते. बाईचं बोलणं इतकं हळू का आपल्याले वाटावं, घरात कोणी आजारी आहे की काय. अन् डोळ्यात पाणी सदा तयार. कांदा दुसऱ्यानं चिरला तरी हिचे डोळे भरतात. बाई वाईट नाही. पण मुलाची आई मी आहे. लग्नात तिनं मले साडी नेसवली, मी तिले नेसवली, मानपानात दोन्हीकडून कमी पडू दिलं नाही, तरी पहिला मान तो माझाच. हे मी कधी तोंडानं बोलत नाही. बोला लागू नये, समोरच्याले समजलं पाहिजे.

महाशिवरात्र होऊन गेली होती, बाजारातली कवठं सरत आली होती. प्रेमलताबाईनं कळमन्याच्या फळबाजारातून चार कवठं शोधून आणली. मोनालीनं चटणी चाखली अन् वाटी बाजूले सारली. मले आतून जरा बरं वाटलं, देव माफ करो. मी लगेच भावाले फोन केला, त्यानं भिवापूरच्या शेतातली कवठं बसमध्ये ठेवून पाठवली. मोनालीनं तीही चाखली अन् वाटी बाजूले सारली. मंग हळूच म्हणते, शाळेत जाताना ते पिवळ्या बंगल्याचं झाड होतं न, त्याचं कवठ भिंतीबाहेर पडे, ती चव याले नाही.

हे ऐकाले आमी दोघी समोर बसलो होतो. मी म्हटलं, आराम कर बेटा. विहीणबाईनंही म्हटलं, आराम कर. दोघी एकमेकीकडे न पाहता उठलो अन् आपापल्या घरी गेलो.

पिवळा बंगला म्हणजे कृष्णकांतरावांचा. बांधकाम खात्यातून रिटायर झालेला माणूस, एकटा राहतो, गेटवर कॅमेरा, भिंतीवर कॅमेरा, झाडावर कॅमेरा. तुमी म्हणसान, सरळ मागून घ्याचं होतं. कसं मागू? माझं अन् त्यांचं दोन वर्षांपासून बोलणं बंद. सकाळी देवाले फुलं पाहिजेत म्हणून मी त्यांच्या कुंपणातून जास्वंद तोडत होती, रोज चार-पाचच. त्यांनी पकडलं अन् माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं का पुन्हा कुंपणातून हात घालणार नाही. तो शब्द मी पाळला. हात नाही घातला मी कधी. आकडीचं त्या कागदात काही लिहिलेलं नव्हतं.

आकडी म्हणजे लंबा बांबू अन् टोकाले बांधलेला विळा. आमच्या घरी भिवापूरची आहे, मजबूत. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं प्रताप नगर कूलर लावून झोपलं असताना मी ती खांद्यावर टाकून निघाली. आमचे हे ओसरीत पेपर वाचून राहिले होते. कुठं चालली विचारलं. मी म्हटलं, जाळे काढाले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं अन् विचारलं, कोणाच्या घरचे? मी फाटक ओढून घेतलं. तीस वर्षं त्या माणसानं कळमन्याच्या मिरचीबाजारात काट्यावर पोती तोलली, त्याले खोटं वजन दुरून कळते.

बंगल्याच्या मागे भिंतीच्या चार विटा ढासळल्या आहेत, तिथून मी चढली. या वयात, नऊवारीत. खाली उतरून पाहते तं झाडाखाली कोण? माझी विहीण! वाकून, पालापाचोळ्यात हात घालून कवठं शोधून राहिली होती.

मले पाहून ती दचकली, मी तिले पाहून दचकली. मी विचारलं, तुमी कुठून आल्या? म्हणे, गेट लोटलेलंच होतं, दोनदा बेल वाजवली, कोणी आलं नाही, म्हटलं खाली पडलेली दोन उचलते अन् संध्याकाळी सांगून देते. अशी बाई! चोरी कराले येऊन बेल वाजवते. मी म्हटलं, खाली पडलेली कवठं माझ्या सुनेले चालाची नाहीत. ती म्हणाली, माझी लेक लहानपणापासून पडलेलीच खात आली आहे. तिची लेक, माझी सून, असं करता करता आवाज चढले. म्हणजे माझा चढला, तिचा कधी चढतच नाही. बोलता बोलता मी आकडी लावून ओढतच होती. नववं कवठ सुटलं ते थेट मागच्या टिनावर पडलं. बंदूक सुटल्यावानी आवाज झाला.

कृष्णकांतराव बनियनवर बाहेर आले, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये आमी दोघी. खरं सांगते, तेव्हा गप्प राहिली असती तं माणूस दोन शब्द बोलून सोडून देणारा होता. विहीणबाई तं हात जोडून उभ्याच होत्या. पण माझी जीभ कधी माझ्या ऐकण्यातली नाही. मी म्हटलं, एवढी कवठं काय मेल्यावर छातीवर बांधून नेणार आहे का? झालं. त्यांनी पोलिसांले फोन लावला.

हवालदार आला, त्यानंही मिटवाचं पाहिलं. कृष्णकांतराव म्हणाले, या बाईनं माफी मागाव. मी म्हटलं, माफी कायची, पोटुशी बाईचे डोहाळे आहेत. मंग पंचनामा झाला. अकरा कवठं जप्त. नऊ मी तोडलेली, दोन विहीणबाईच्या पिशवीतली. आकडीही जप्त झाली, तिचं मले जास्त वाईट वाटलं.

अन् घरी आलो तं मोनाली म्हणते कशी, आई, आता कवठाचं नावही काढू नका, मळमळते. आता मले भाजलेले हरभरे पाहिजेत.

मे महिन्यात कोर्टाची तारीख आली. आमच्यासाठी सरकारी मदतीतून वकील मिळाली, नूपुर नावाची. पोट्टी बारीक, पण हुशार. तिनं आमाले दोघींले समोर बसवून समजावलं. म्हणे, किरकोळ चोरी आहे, पहिलीच वेळ आहे, माल परत गेला आहे, त्यामुळे जेलबिल काही होत नाही. समाजसेवा देतीन, नाहीतं समज देऊन सोडतीन. गुन्हा कबूल करा अन् मॅडमनं शिक्षेबद्दल काही सांगाचं आहे का विचारलं का एवढंच म्हणा, चूक झाली. प्रेमलताबाईनं मान हलवली. मी म्हटलं, पाहू.

मॅडम म्हणजे आमच्या साहिलच्या वयाची असन. गुन्हा दोघींनी कबूल केला. मंग तिनं मले विचारलं, तुम्हाला शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का? नूपुर मागून कागदानं मले टोचून राहिली होती. पण मॅडमनं इतक्या मायेनं विचारलं का मले वाटलं, हिले सगळं सांगाव. मंग मी सांगितलं. फुलं देवाले वाहिली, ती चोरी नाही. कवठ पोटातल्या लेकरासाठी काढलं, ती चोरी नाही. पुन्हा सुनेनं मागितलं तं पुन्हा काढीन. अन् शेवटचं बोलली ते आज सांगताना माझीच जीभ अडते. मी म्हटलं, "मॅडम, शिक्षा द्याचीच आहे तं हिले माझ्यापेक्षा जास्त द्या. लेक हिची आहे. डोहाळे पुरवाचं काम माहेरचं, ते हिच्यानं झालं नाही म्हणून मले भिंत चढा लागली."

कोर्टात कोणीतरी हसलं. मी वळून त्याले विचारलं, दात काहून काढून राहिला? मॅडमनं शिपाईबाईले सांगितलं, आजींना बाहेर नेऊन पाणी द्या, शांत झाल्या की आणा. पाणी थंड होतं, मी दोन गिलास प्याली. परत आत गेली तेव्हा विहीणबाईचं बोलणं होऊन गेलं होतं, डोळे पुसणं चालू होतं. मॅडमनं शिक्षा सांगितली. प्रयागबाई, महापालिकेच्या बागेत सात दिवस, रोज चार तास काम. प्रेमलताबाई, समज देऊन मुक्त. कारणं आदेशात लिहिली आहेत म्हणाली अन् वाचलीही असतीन. मले काही ऐकू आलं नाही. कानात नुसतं 'समज' घुमून राहिलं होतं.

तुमीच सांगा. मुलाच्या आईनं झाडू माराचा अन् मुलीच्या आईनं हात हलवत घरी जायाचं? सात पिढ्यांत असा मानपान ऐकला नसन कोणी. मी कोर्टाच्या पायऱ्यांवरच विहीणबाईले म्हटलं, रडून सुटल्या, चांगलं जमते तुमाले. तिचा हात माझ्या दंडाले लागत होता, पायऱ्या उंच होत्या म्हणून. मी झटकून टाकला.

घरी येऊन मी जाहीर केलं. सातव्या महिन्याचं डोहाळजेवण आमच्या घरी होईन, मोठं होईन, अन् माहेरच्याले बोलावणं जाणार नाही. साहिलनं आ वासला अन् मिटला, तो बापावर गेला आहे. मोनाली मात्र हातातली हरभऱ्याची वाटी खाली ठेवून उभी राहिली. पोट पुढे आलेलं, डोळे कोरडे. आईसारखी रडली असती तं मी जिंकली असती. ती म्हणाली,

"आई, ज्या ओटीले माझ्या आईचा हात लागणार नाही, ती ओटी मी भरून घेणार नाही. डोहाळजेवण नको मले."

अन् आत निघून गेली. मी म्हटलं, नको तं नको. पण त्या रात्री मी वाढलेल्या ताटावरून तशीच उठली. काहून का हे दुसरं कोणाले माहीत नाही, तुमाले सांगते. साहिलच्या वेळी माझं डोहाळजेवण झालं तेव्हा माझ्या सासूनं भिवापूरले बोलावणं धाडलंच नव्हतं, लग्नातल्या कोणत्या तरी साडीवरून. माझी माय तिकडे नवं लुगडं घेऊन आठ दिवस वाट पाहत बसली होती. इकडे माझी ओटी परक्या बायांनी भरली अन् मी फुलांचे दागिने घालून सगळ्यांकडे पाहून हसली. त्या दिवशी मी ठरवलं होतं का मी अशी सासू होणार नाही. आता इतक्या वर्षांनी पाहा, मी तशीच्या तशी बसली होती. पण राग असा का ते दिसूनही दिसत नव्हतं.

बागेतलं काम सुरू झालं. सकाळी सात ते अकरा. झाडलोट कराची, पाला गोळा कराचा, कुंड्यांले पाणी घालाचं. मुकादम भला माणूस, बसून करा म्हणे. मी बसली नाही. पहिल्या दिवशी ओळखीच्या बाया फिराले आल्या अन् विचारलं, काय वं प्रयागबाई, इकडे कशी? मी म्हटलं, समाजसेवा करून राहिली. आजकाल समाजसेवेले मान आहे, त्या मलेच नमस्कार करून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून मले काम आवडाले लागलं हेही खरं. पण विहिणीचा राग काही उतरेना. रात्री आमच्या ह्यांच्यापुढे पुन्हा तीच टेप लावली, गुन्हा एक तं शिक्षा एक पाहिजे.

ते म्हणाले, "दोन पोती बाहेरून सारखीच दिसतात गं. मिरची कोरडी का ओली, हे काट्यावर ठेवल्याशिवाय कळत नाही."

मी म्हटलं, मी ओली का? ते कुशीवर वळून झोपून गेले.

तिसऱ्या दिवशी काम आटोपून मी नूपुरकडे गेली. म्हटलं, अपील कराचं आहे. माझी शिक्षा कमी करा, नाहीतं तिची वाढवा, मले दोन्ही चालते. नूपुरनं कपाळाले हात लावला. मंग फाइलमधून आदेशाची नक्कल काढून माझ्या हातात ठेवली. मराठीत आहे, म्हणे, आधी स्वतः वाचा, उद्या येऊन सांगा, आपण अपील करू.

मी सातवी शिकली आहे. चौथ्या दिवशी चष्मा घेऊन बागेतल्या बाकावर बसली अन् बोट ठेवून वाचाले लागली. सरकारी मराठी म्हणजे गोट्यांची उसळ, चावता चावत नाही. पण हळूहळू कळत गेलं. लिहिलं होतं का आरोपी क्रमांक एक हिनं हत्यार घरून आणलं, म्हणजे आधीपासून तयारी होती. हत्यार म्हणजे माझी आकडी. मागची भिंत चढून आत शिरली. आधी लेखी हमी दिली असूनही ऐकलं नाही. नऊ फळं झाडावरून तोडली. आरोपी क्रमांक दोन हिनं दोनदा बेल वाजवली हे कॅमेऱ्यात दिसते, लोटलेल्या गेटातून गेली, दोन पडलेली फळं उचलली. इथवर मी म्हटलं, ठीक आहे, आहे ते आहे. बेल वाजवण्याचं तं मले तेव्हाच समजलं होतं.

पुढे दोन ओळी होत्या. त्या मले आता पाठ आहेत.

"शिक्षेबाबत विचारणा केली असता आरोपी क्र. १ हिने, आरोपी क्र. २ हिला माझ्यापेक्षा जास्त शिक्षा द्यावी, असे सांगितले. आरोपी क्र. २ हिने, आरोपी क्र. १ या माझ्या विहीण असून त्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्या वाट्याची शिक्षाही मला द्यावी, त्यांना काही देऊ नये, असे सांगितले."

मी पुन्हा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मी बाहेर थंड पाणी पीत होती तेव्हा ती आत माझी शिक्षा मागून राहिली होती! माझे गुडघे दुखतात हे तिले कसं माहीत? मी तं घरात सांगत नाही कोणाले. पायऱ्यांवर दंडाले हात काहून लागत होता, ते तेव्हा कळलं. जिनं जास्त मागितली तिले कमी मिळाली, अन् मी दुसरीले जास्त मागितली तं ती माझ्याच गळ्यात पडली. त्या पोरीसारख्या मॅडमनं आमाले दोघींले बरोबर तोललं होतं. मले इतकी लाज वाटली का मी झाडू घेऊन अख्खी बाग पुन्हा झाडली. मुकादम म्हणाला, आजी, झालं न एकदा. मी म्हटलं, झालं नाही अजून.

घरी येऊन आमच्या ह्यांले धरलं. तुमी तं कोर्टात मागच्या बाकावर बसून होते, सगळं ऐकलं होतं, मले सांगितलं काहून नाही? ते शांतपणे म्हणाले, तू विचारलं कुठं, तू तं सांगूनच राहिली होती. या माणसाले काय बोलाव सांगा. बरोबर बोलतो, हाच त्याचा दोष.

त्याच दिवशी संध्याकाळी मी कुंकवाचा करंडा घेऊन दोन गल्ल्या चालत गेली. रस्त्यात चारदा ठरवलं का दारातच सांगून टाकीन. विहीणबाई मशीनवर होत्या, मले पाहून उठल्या, खुर्ची पुसली. अन् माझ्या तोंडून काय निघालं? रविवारी डोहाळजेवण आहे, पहिली ओटी तुमी भराची, उशीर करू नका. एवढंच. कुंकू लावलं अन् आली परत. कोर्टात बोलाचं नव्हतं तिथं एवढी बोलली, अन् इथं बोलाचं होतं तं जिभेले कुलूप.

मोनालीले सांगितलं तेव्हा ती माझ्या पाठीले पाठ लावून बसली अन् हरभरे खात राहिली. दोन मले दिले.

सात दिवस पूर्ण झाले, मुकादमानं कागदावर सही दिली अन् रविवार उजाडला. घरात पन्नास बाया. मोनालीले मोगऱ्याचे दागिने, हिरवी साडी, अशी दिसत होती का मीच तिची दृष्ट काढली. ताट वाढलेलं, पुरणपोळी, वडे, पाटवडी, पाच भाज्या. अन् मधात एका वाटीत भाजलेले हरभरे, कारण लेकराचे कान म्हणजे कान.

ओटीची वेळ झाली. रीतीनं पहिला हात माझा. सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. मी ताट उचललं अन् विहीणबाईच्या हातात दिलं. त्या मागे सरकल्या. म्हणाल्या, नाही नाही, मान तुमचा आहे, मुलाची आई तुमी. तेवढ्यात एका बाईनं कुजबुजून दुसरीले विचारलं, यांचंच का वं ते कवठाचं? सगळीकडे दबकं हसू पसरलं.

मले वाटलं, आता नाही बोलली तं कधीच बोलणार नाही. मॅडमनं विचारलं होतं, नूपुरनं कागदानं टोचून सांगितलं होतं, हवालदारानं हात जोडून सांगितलं होतं, तेव्हा जे निघालं नाही ते मी पन्नास बायांसमोर बोलली.

"विहीणबाई, चूक झाली माझी. कवठाची नाही. तुमची."

आमच्या ह्यांनी बाहेरच्या खोलीत पेपर खाली ठेवल्याचा आवाज मले ऐकू आला. विहीणबाईचे डोळे भरून आले. मी म्हटलं, झालं, आता ही रडते, हिच्यामागे पोट्टी रडते, अन् ताट थंड होते. पण त्या बाईनं पदरानं डोळे टिपले, ताठ उभी राहिली, अन् आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांले ऐकू जाईन अशा आवाजात म्हणाली,

"समज देऊन सोडते तुमाले. पुन्हा असं करू नका."

मोनाली इतकी हसली का तिच्या डोक्यावरचा मोगरा खाली पडला. ओटी आमी दोघींनी मिळून भरली, एक हात तिचा, एक माझा. अपील मी काही केलं नाही. आता दोघींची शिक्षा सारखी झाली होती.